नकाशात न मावलेलं राळेगाव

"इथंच पुसा. पाटीवर लिवलं हाय ना, जवळ हाय म्हून."

आवाज दाराबाहेरून आला. विचारा म्हणणारी पन्नाशीची बाई, ऐकणारा तिचा नवरा, आणि दोघांच्या मागे त्यांची मुलगी. पाटीवर निळ्या लाटा होत्या, वाकलेलं नारळाचं झाड होतं आणि खाली ठळक अक्षरं : 'समुद्रकिनारी प्लॉट. मुंबईपासून अगदी जवळ.' यवतमाळच्या बसस्टँडजवळ, एक बियाण्यांचं दुकान आणि एक झेरॉक्सचं दुकान यांच्या मध्ये आमचं ऑफिस होतं. पाटीवरचा मजकूर माझा होता.

"जवळ असन तं असन," नवरा म्हणाला. "पण आपल्याले प्लॉट थोडी घ्याचा हाय?"

"घ्याचा नाई. पुसाले काय होते?"

आणि ती चप्पल काढून आत आली. आमच्या ऑफिसात चप्पल काढून कोणी येत नसे.

त्यांचं पुढे काय झालं ते सांगतेच. आधी आमचा धंदा सांगते, कारण तो कळल्याशिवाय ती बाई आमच्याकडे का आली हे कळणार नाही.

बाहेरच्यांना वाटतं, प्लॉट विकणारे जमीन विकतात. जमीन सगळ्यात शेवटी येते. आधी अंतर विकायचं असतं. त्याचे काही साधे नियम आहेत. रस्ता चांगला असेल तर अंतर तासांत सांगायचं, रस्ता खराब असेल तर किलोमीटरमध्ये. दोन्ही सांगण्यासारखं नसेल तर समुद्रावरून सांगायचं, कारण पाण्यावर खड्डे नसतात. वेळ सांगायची ती पहाटेच्या रिकाम्या रस्त्याची. आणि या धंद्यातला सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे 'प्रस्तावित'. प्रस्तावित पूल, प्रस्तावित चौपदरी रस्ता, प्रस्तावित विमानतळ. हा शब्द लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही, कारण तो खरा असतो. कोणीतरी, कधीतरी, प्रस्ताव ठेवलेला असतोच.

मुंबईच्या कंपनीकडून इंग्रजी पत्रकं यायची आणि त्यांचं मराठी करायला मला ठेवलेलं होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. घरात पुस्तकी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि रस्त्यावरची वऱ्हाडी मला सगळी कळायची पण तोंडून निघायची नाही. एकदा निघाली होती, तेव्हा वर्ग हसला होता आणि बाईसुद्धा हसल्या होत्या. त्यानंतर मी कमीच बोलायचं ठरवलं. मुलाखतीला मी तीन वाक्यं बोलले आणि तरी नोकरी मिळाली. मालक म्हणाले, "बोलाचं काम माहं. तू लिहत जा."

मालकांना सगळे प्रकाशभाऊ म्हणत. ते आधी कापसाच्या दलालीत होते. त्या वर्षांत कापसाने सगळ्यांचीच तोंडं कडू केली होती, तेव्हा ते त्यातून निघून समुद्राकडे वळले. पण सवय गेली नव्हती. बोलताना त्यांची बोटं सारखी चोळली जायची, कापसाचा धागा ओढून लांबी बघावी तशी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते बोटं चोळत त्याच्याकडे बघायचे, आणि हे गिऱ्हाईक कितपत टिकेल ते त्यांना कळायचं. गिऱ्हाईकांसमोर ते मला मॅडम म्हणत आणि नंतर पोरी.

घेणारे म्हणाल तर पगारवाले जास्त. शिक्षक, कारकून, एखादा डॉक्टर. या लोकांचं वावर गावी भाऊ बघायचा आणि भावाचं तोंड दरवर्षी उतरत चाललेलं त्यांना दिसायचं. बोंडअळी जिथे पोचत नाही अशा ठिकाणी आपला एक तुकडा असावा, एवढंच त्यांचं म्हणणं.

प्रश्न मात्र मजेदार असत. कापसाच्या एका जिनिंगवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "तो समुद्र कोनाच्या सातबाऱ्यावर हाय?" कोणाच्याच नाही म्हटल्यावर त्याला फार वाईट वाटलं, एवढी जागा पडीक. पुसदच्या एका गुरुजींना काळजी होती, भरती आली की प्लॉट कमी होतो का, आणि ओहोटीला तेवढाच परत मिळतो का. फुलसावंगीचा एक शेतकरी प्लॉट बघायच्या सहलीला इस्त्रीचे कपडे घालून आणि थंड पेयाची रिकामी बाटली घेऊन आला होता. आईचे गुडघे दुखतात, समुद्राच्या पाण्याने बरं वाटेल असं कोणीतरी सांगितलेलं. महिन्याभराने ऑफिसात येऊन त्याने हालहवाल सांगितली. "मायचे गुडघे तसेच हाय. पण उरलं पानी तिनं भाजीत टाकलं, मीठ लागलं नाई."

अलिबागच्या त्या सहलीला मीही गेले होते. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, पण त्याच्याकडे बघायला फारसा वेळ मिळाला नाही, कारण बसमधल्या निम्म्या लोकांना ओकाऱ्या झाल्या होत्या. प्लॉटवर राखण करणाऱ्या बाईने मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या गो?" मी यवतमाळ म्हटलं. "अगो बाई, ते नागपूरच्या पल्याड ना? केवढं लांब." तोवर मला वाटायचं की लांब तर ते लोक आहेत. बोलता बोलता तिने हेही सांगितलं की मुंबईची लाँच पावसाळ्यात बंद असते आणि तेव्हा माणसं पेणवरून फिरून जातात. आमच्या पत्रकात लाँच होती. पावसाळा नव्हता.

लांब हा शब्द मी आणखी एका जागी ऐकायची. त्या वर्षांत मुंबई-दिल्लीहून कॅमेरे घेऊन लोक यायचे, शेतकऱ्यांच्या बातम्या करायला. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात फॅक्स करायला थांबायचे आणि आपसात इंग्रजीत कुरकुरायचे, किती दूर आहे हे गाव, परतायला अख्खी रात्र जाईल. दारात उभ्या असलेल्या सलवार-कमीजमधल्या मुलीला ते कळत असेल असं त्यांच्या मनातही यायचं नाही. मी मात्र ऐकायची.

तर, ती बाई चप्पल काढून आत आली.

प्रकाशभाऊंच्या टेबलाशी तेव्हा दारव्ह्याचे एक मुख्याध्यापक बसले होते. तीन फेऱ्यांनंतर ते सहीपर्यंत आलेले. पेनचं टोपण काढलेलं, समोर चहा. भाऊंनी नव्या मंडळींकडे बघून बोटं चोळली आणि लगेच ओळखलं की इथे प्लॉट नाही. "मॅडम, यांना जरा बघा," म्हणाले आणि मुख्याध्यापकांकडे वळले.

नवऱ्याने स्वतःहून सांगितलं. नाव नामदेवराव, राळेगाव तालुक्यातले. बायको पंचफुलाबाई, मुलगी करुणा.

"पोरीले स्थळ आलं," ते म्हणाले. "अलिबागच्या पुढचं. मांगच्या दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर गेलतो. पानी आलं, त एकाच ताडपत्रीखाली बसलो. ते लोक तिकून आलते. भाकरी देल्ली घेतली, बोलचाल झाली. पोरगा बोटीच्या इंजिनाचं काम करते. लोक चांगले हाय. आता त्याचा मामा फोनवर म्हनते, आमी का दूर नाई, मुंबईपासून जवळच. लाँच हाय, रस्ता हाय, पूल होऊन राह्यला. तुमच्या पाटीवर बी तेच. म्हटलं, या लोकायले ठावं असन."

मामांनी आमचं पत्रक कधी पाहिलंही नसेल, पण वाक्यं जशीच्या तशी माझी होती.

"उद्या त्याचा फोन येनार हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "हो म्हनाचं का नाई, ते सांगाचं हाय. यायचं काय, हे आताच हो म्हनते. मले पाहू दे पयले कुठीसा हाय ते."

मी पत्रकातला नकाशा टेबलाच्या काचेवर पसरला. छान गुळगुळीत कागद. डावीकडे निळा समुद्र, मध्ये लाल ठिपका, वर मुंबई. ठिपका आणि मुंबई यांच्यात नखभर पाणी. पंचफुलाबाईंनी त्या पाण्यावर नख ठेवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"अन् यात आमचं राळेगाव कोठी?"

मी उजवीकडे बघितलं. पुण्याच्या पुढे कागद संपत होता. किती महिने मी तो नकाशा लोकांपुढे ठेवत होते, आणि यवतमाळच्या लोकांना यवतमाळ नसलेला नकाशा दाखवतोय हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. घेणाऱ्यांच्याही नाही.

"यात नाही," मी म्हटलं.

"नाई म्हंजे?"

सांगण्यापेक्षा दाखवणं मला सोपं जातं. मुंबई ते पुणे बोटांत धरलं आणि तेवढंच माप घेऊन कागदाबाहेर, काचेवरून पूर्वेला निघाले. स्टेपलर गेला, टेलिफोन गेला. माझं टेबल संपलं. भाऊंचं टेबल लागूनच होतं, बोटांनीच त्यावर चढले आणि मुख्याध्यापकांच्या चहाच्या कपाशी येऊन थांबले. राळेगाव कपाखाली येत होतं.

मुख्याध्यापकांनी कप उचलला. "घ्या बाई, तुमचं गाव मोकळं केलं."

नामदेवराव हसले. पंचफुलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी एकदा कपाच्या ओल्या गोलाकडे पाहिलं, मग दोन टेबलं ओलांडून त्या लाल ठिपक्याकडे.

"म्हंजे ते मुंबईले जवळ हाय," त्या म्हणाल्या. "आमाले नाई."

भाऊंना आता गप्प बसवेना. "काकू, राजधानी जवळ म्हंजे सगळंच जवळ. मोठे दवाखाने, कॉलेज, विमानतळ प्रस्तावित हाय..."

"राजधानीतून कोनी येते का भाऊ, बाळंतिणीले शेक द्याले?"

भाऊंकडे त्याचं पत्रक नव्हतं.

तेव्हा कळलं की त्या काय मोजत होत्या. नामदेवरावांनी उलगडून सांगितलं. पोरगा पसंत, पोरीलाही पसंत, घरदार पसंत. अडलं होतं एवढ्यावरच. पहिलं बाळंतपण माहेरी. पंचफुलाबाईंचं माहेरी झालं, त्यांच्या आईचं माहेरी झालं. सातव्या महिन्यात मुलीला आणायचं असतं, आणि सातव्या महिन्यातली बाई एवढा रस्ता गाडीत कशी बसणार?

"तुम्हीही जाल की मधून मधून, समुद्र बघाले," भाऊ म्हणाले.

"लेकीच्या घरी एक रात्र ठीक हाय," नामदेवराव म्हणाले. "त्याच्यावर राह्यलं त लोक नावं ठेवते. आमच्यात तशी रीत नाई."

मी पंचफुलाबाईंच्या जवळ सरकले आणि त्यांच्या कानाशी, अगदी हळू, खरा रस्ता सांगितला. राळेगावहून वर्धा, तिथून रेल्वे. कल्याणला उतरायचं. तिथून पनवेल, पेण, अलिबाग, आणि मग गावची एसटी. हे मी कुजबुजले, कारण भाऊंना ऐकू जायला नको होतं.

पंचफुलाबाईंना कुजबुज हा प्रकार ठाऊक नव्हता. "आयकलं का," त्या नवऱ्याला म्हणाल्या, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा, "मुंबई लागतच नाई म्हनते पोरगी. कल्यानलेच उतरा लागते."

मुख्याध्यापकांनी मान वर केली. "मुंबई लागतच नाही?"

मी पुन्हा कानाशी लागले.

"अन् ते लाँच पावसाळ्यात बंद असते म्हनते."

मुख्याध्यापकांनी पेनला टोपण लावलं. ते टोपण बसल्याचा आवाज मला अजून आठवतो. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. बोटं चोळणं थांबलेलं.

मी पाणी आणायच्या निमित्ताने मागे माठाकडे गेले. करुणा माझ्या मागोमाग आली. एवढा वेळ तिने एक शब्द काढला नव्हता, आणि मला ते ओळखीचं वाटत होतं. गप्प बसणाऱ्या माणसांना एकमेकांचा आवाज लवकर कळतो.

"ताई," ती म्हणाली, "जवळ हाय म्हून सांगजा ना."

मी पेला तिच्या हातात दिला. तिच्या बोटांच्या टोकांना बारीक बारीक चिरा होत्या. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी पडतात तशा. वेचणी करणाऱ्या बायांची बोटं हिवाळाभर तशीच असतात.

"तिकडं कापूस नाई ना होत?" तिने विचारलं.

"नाही. भात होतो. आणि मासे."

"मंग बेस," ती म्हणाली आणि पाणी एका घोटात प्यायली.

"तो तुला आवडला?"

"बोलते कमी," ती म्हणाली, आणि जराशी हसली. "ताडपत्रीचं टोक धरून उभा होता. आमच्यावर पानी नाई येऊ देल्लं, अन् सोता वला झाला."

आम्ही बाहेर आलो. पंचफुलाबाई नकाशाची घडी घालत होत्या, फार नीट, कोणाची तरी वस्तू परत करायची असल्यासारखी. घडी माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "पोरी, तू शिकेल हायस. तू तिकडं जाऊन बी आलतीस, हे भाऊ म्हनते. हे सारे मानसं आपापलं सांगते. तू सांग. जवळ हाय का दूर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊ बघत होते, कारण पाटी त्यांची होती. मुख्याध्यापक बघत होते, कारण पेन अजून त्यांच्या हातात होतं. नामदेवराव टोपी हातात फिरवत होते. आणि माझ्या मागून करुणा.

जवळ म्हटलं तर आई हो म्हणणार, आणि मग कधीतरी पावसाळ्यात ती मुलगी अवघडलेल्या पोटाने पेणच्या स्टँडवर बसणार. दूर म्हटलं तर उद्याच्या फोनवर नाही, आणि करुणाची बोटं पुढच्याही हिवाळ्यात तशीच.

इथे थांबून पुढचं आधी सांगून टाकते.

लग्न झालं. ताडपत्री धरणाऱ्या मुलाशीच. दुसऱ्या पावसाळ्यात बाळ आलं, तिकडेच, लाँच बंद असताना, आणि मुंबईला हातही न लावता. त्याआधी काही दिवस नामदेवराव आमच्या ऑफिसात येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मॅडम, माही बायको तुमी समुद्राले देऊन टाकली. आता मी भाकर थापाले शिकून राह्यलो." गावात बायांनी नावं ठेवायची ती ठेवली. पंचफुलाबाई परत आल्या त्या बाळाचं बारसं करून, आणि तक्रारींचं गाठोडं घेऊन. तिकडच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. सकाळी उठल्यापासून मासे. कपडा वाळत नाही. आणि विहीणबाई रोज विचारायची, आणखी थोडे दिवस राहता का. "मंग?" मी विचारलं. "मंग काय, राह्यली," त्या म्हणाल्या. दर वर्षी त्यांच्याकडून मला आमसुलाची पिशवी येते. करुणा पाठवते, राळेगावमार्गे.

मुख्याध्यापकांनी सही केली नाही. सहलीचं भाडं भरून एकदा समुद्र पाहून आले आणि मुलांना धड्यात भरती-ओहोटी छान शिकवायला लागले असं ऐकलं. ज्यांनी घेतले त्यांच्यापैकी काहींचे प्लॉट अजून गवतातच आहेत. बाजारात कोणी भेटलं की विचारतात, मॅडम, पूल कुठवर आला? मी म्हणते, प्रस्तावित आहे. आता तो शब्द उच्चारताना जीभ जरा जड होते.

प्रकाशभाऊंनी मला काढलं नाही. बरेच दिवस ते माझ्याशी चहावाल्यामार्फत बोलत होते. "मॅडमले सांग, पत्रक झालं का?" चहावाला दोन पावलांवर उभा राहून तेच मला सांगायचा, आणि माझं उत्तर तसंच परत न्यायचा. मग एक दिवस ते विसरले आणि थेट बोलले. पाटी आम्ही बदलली नाही. ती खोटी नव्हतीच. ती फक्त मुंबईत उभं राहून वाचायची होती. नवीन पत्रकात मी नकाशा मात्र मोठा करून घेतला, पार वर्ध्यापर्यंत. कंपनीने पत्र पाठवून विचारलं, उजवीकडे एवढी रिकामी जागा कशाला?

आता त्या दिवसाचं.

सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या हातात नकाशाची घडी होती. माझी सवय म्हणजे पंचफुलाबाईंच्या कानाशी लागायची. तसं केलं असतं तरी त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलंच असतं. पण हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी उभी राहिले. शाळेत कविता म्हणायला उभं करायचे, तशी. तोंड उघडलं तेव्हा घरातली पुस्तकी मराठी कुठे गेली कोणास ठाऊक. जी भाषा वर्ग हसल्यापासून मी आत कोंडून ठेवली होती तीच बाहेर आली, आणि चांगली मोठ्याने आली. कोणी हसलं नाही.

"दूर हाय, काकू. लय दूर हाय. फोनवर हो म्हना, पण सातव्या महिन्यात पोरीले इकडे नका आनू. तुमीच जा."